श्रावणानंतरचे यकृत

आषाढी अमावास्येला घरातील समया, निरांजने, लामणदिवे घासून-पुसून पाटावर मांडायचे, कणकेचे दिवे उकडायचे आणि सायंकाळी त्यांची पूजा करायची, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. त्याच तिथीला 'गटारी' हे ओंगळ नाव चिकटले आणि आता ते वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही बिनदिक्कत छापले जाते. या नामांतराविषयी संताप व्यक्त करणारे लेखन दरवर्षी प्रसिद्ध होते आणि तो संताप रास्तच आहे. परंतु त्या रात्रीनंतरच्या सकाळपासून जे सुरू होते, त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. वर्षाचे अकरा महिने नियमाने पिणारी कितीतरी माणसे श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून बाटलीला हात लावीत नाहीत. काहींचा हा नेम गणेश विसर्जनापर्यंत टिकतो. घरातील स्त्रिया या काळात मोकळा श्वास घेतात. आणि उजव्या बरगड्यांखाली असलेला, सव्वा ते दीड किलो वजनाचा एक अवयव तेवढ्या अवधीत आपली डागडुजी करून घेतो.

ही डागडुजी काल्पनिक नव्हे. मद्याचे विघटन मुख्यतः यकृतातच होते. त्यापासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य आणि नंतर ॲसिटेट तयार होते. हे काम अंगावर असताना यकृत चरबी जाळण्याचे आपले नित्याचे काम मागे टाकते आणि ती चरबी पेशींत साठू लागते. यकृताचा वेग तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम मद्यार्काचा. १८० मिलिलिटरच्या एका 'क्वार्टर'मध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे रात्री दहाला रिकामी झालेली क्वार्टर निस्तरता निस्तरता पहाट होते. रोज असेच चालले, तर शंभरांतील नव्वदांहून अधिक जणांच्या यकृतात चरबी साठते. मात्र मद्य थांबले की दोन ते सहा आठवड्यांत ही चरबी ओसरू लागते. रक्त-तपासणीतील 'जीजीटी'चा वाढलेला आकडा दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो. श्रावण सरल्यावर केलेल्या तपासणीचा अहवाल चांगला येतो, तो यामुळेच. (२०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा दोहोंपैकी कोणता पाळायचा, याचा खल अनेक मित्रमंडळांत झाला. यकृताला दोन्ही चालले असते.)

खरा धोका या चांगल्या अहवालापासून सुरू होतो. अहवाल हाती आला की मद्यपी दोन निष्कर्ष काढतो. पहिला असा की, महिनाभर सोडू शकतो, त्याअर्थी आपल्याला व्यसन नाही. दुसरा असा की, यकृत पूर्ववत झाले. घरातील मंडळीही या दोन्ही निष्कर्षांना मान डोलावतात, कारण त्यांनाही हेच ऐकायचे असते. वस्तुतः दोन्ही चुकीचे आहेत. एसजीओटी, एसजीपीटी हे आकडे आज यकृताला कितपत इजा होत आहे, एवढेच सांगतात. आजवर झालेल्या इजेचे व्रण ते दाखवीत नाहीत. वर्षानुवर्षांच्या दाहानंतर यकृतातील विशिष्ट पेशी तंतूंचे जाळे विणू लागतात आणि मऊ अवयवात कठीण व्रण-ऊती पसरते. प्रत्यक्ष सिरॉसिस झालेल्या रुग्णाचेही हे आकडे कित्येकदा जवळपास सर्वसाधारण येतात. यकृत किती कठीण झाले, याचा अंदाज फायब्रोस्कॅनसारख्या तपासणीने येतो आणि ती तपासणी आपणहून करून घेणारा मद्यपी विरळा. चरबी महिन्यात उतरते. व्रण विरघळायला वर्षे लागतात. अकरा महिने विणलेले जाळे एका महिन्यात उसवत नाही, हे साधे गणित आहे.

पहिल्या निष्कर्षाचे उत्तर तर आपल्याच परंपरेत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययावर, म्हणजे मद्यजन्य विकारांवर आहे. मद्य सोडल्यानंतर जो एकाएकी पुन्हा अतिमद्यपान करतो, त्याला होणारे ध्वंसक आणि विक्षय असे दोन स्वतंत्र रोग या अध्यायात वर्णिले आहेत आणि आधीच क्षीण झालेल्या शरीरात ते उपचारास अत्यंत कठीण मानले आहेत. श्रावण संपताच 'राहिलेला हिशेब' एका बैठकीत पुरा करणाऱ्यांनी हा अध्याय नजरेखालून घालावा. आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते, असे म्हणत मिरवण्यापेक्षा त्यांनी जे नेमके लिहून ठेवले ते वाचणे अधिक उपयोगाचे. सोडणे ही एक घटना आणि सुटणे ही दुसरी, हा भेद चरकाला स्पष्ट दिसला होता.

एकाएकी सोडण्यातही एक संकट दडलेले आहे आणि त्याविषयी मध्यमवर्गीय घरांत विलक्षण अज्ञान आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला मद्याची सवय जडलेली असते. ते अचानक बंद झाले की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चढल्याचे, खोलीत माणसे उभी असल्याचे दिसू लागते. वेळीच उपचार झाले नाहीत, तर ही अवस्था प्राणघातक ठरते. हिला कोणी वेड समजते, कोणी बाहेरची बाधा समजते. म्हणून ज्याला सकाळी उठताच पेल्याची गरज भासते, त्याला घरात कोंडून, शपथा घालून, देवासमोर नारळ ठेवायला लावून दारू सोडवणे हे शहाणपणाचे नाही. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने आणि बी-१ जीवनसत्त्व देऊनच थांबवावी लागते.

आणि याच ठिकाणी घराण्याची अब्रू आडवी येते. एखादे गृहस्थ पाय मोडला म्हणून रुग्णालयात दाखल होतात. डॉक्टर विचारतात, काही व्यसन? पत्नी पतीकडे पाहते, थोरला मुलगा पुढे होऊन सांगतो, तसे काही नाही, कधीतरी समारंभात. शस्त्रक्रिया उत्तम पार पडते. तिसऱ्या रात्री ते सलाईनची नळी ओढून काढतात, परिचारिकेला ओळखत नाहीत, खिडकीतून बाहेर जाऊ पाहतात. भूल बाधली की मेंदूत रक्तस्राव झाला, याचा शोध घेण्यात वेळ जातो. कारण खरे उत्तर घरातील चार माणसांना ठाऊक असूनही केसपेपरवर आलेले नसते. कधी विम्याचा दावा नाकारला जाईल या भीतीने, कधी मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून, डॉक्टरांना 'दारूचे लिहू नका' अशी विनंती केली जाते. ही विनंती आजाराला मुदतवाढ देणारी आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मुळात किती प्यायले म्हणजे फार, याची कल्पनाच अनेकांना नसते. 'ते दारू पीत नाहीत, फक्त बिअर घेतात' हे वाक्य सुशिक्षित घरांत सर्रास ऐकू येते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या दोन पेगांतही तेवढाच. यकृताला बाटलीचा आकार कळत नाही, त्याला ग्रॅम कळतात. रोज साठ ते ऐंशी ग्रॅम, असे दहा वर्षे, म्हणजे पुरुषाच्या यकृताला गंभीर धोका, असे वैद्यकीय ग्रंथ शिकवीत आले. स्त्रियांच्या बाबतीत त्याच्या निम्म्यानेच भागते. अलीकडचा विचार ही मर्यादा बरीच खाली आणणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जाहीर केले. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला आजही परवाना लागतो आणि तो परवाना आरोग्य राखण्याच्या कारणासाठी दिला जातो! सरकारी शब्दयोजनेतील इतका निर्विकार विनोद दुसरा सापडणे कठीण.

या चर्चेत कोणीतरी हमखास एका काकांचे उदाहरण देतो. ते आयुष्यभर प्यायले आणि ऐंशी वर्षे जगले. असे काका असतात, यात शंका नाही. अतिमद्यपान करणाऱ्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्के लोकांनाच सिरॉसिस होतो. कोणाला होईल, हे आनुवंशिकता, लठ्ठपणा, मधुमेह, यकृताचे इतर संसर्ग अशा अनेक गोष्टींवर ठरते. अडचण एवढीच की, आपण काकांच्या गटात आहोत की दुसऱ्या, हे कळेपर्यंत पोटात पाणी झालेले असते.

तथापि भीती घालणे हा यकृतविषयक चर्चेचा शेवट नव्हे, किंबहुना तो आरंभही असू नये. यकृताइतका उभारी धरणारा अवयव शरीरात दुसरा नाही. दोन तृतीयांश भाग कापून काढला, तरी उरलेला निरोगी भाग काही महिन्यांत जवळपास मूळ वजनाला पोहोचतो. मद्याने पोळलेल्या यकृतातही ही शक्ती शिल्लक असते, अट एकच, मद्य पूर्णपणे थांबले पाहिजे. कमी करणे नव्हे, बदलणे नव्हे, शनिवार-रविवारपुरते ठेवणे नव्हे. येल विद्यापीठातील पॉवेल आणि क्लॅट्स्किन यांनी १९६८ साली सिरॉसिसच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्य सोडणाऱ्यांपैकी सुमारे ६३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होते. पिणे चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. आज उपचार कितीतरी सुधारले आहेत. एकदा जलोदर झाला, रक्ताची उलटी झाली की परतीची वाट नाही, असे पूर्वी मानले जाई. आता मूळ कारण दूर झाल्यास काही रुग्णांचे यकृत पुन्हा आपला भार पेलू लागते, पाणी उतरते, त्यासाठीची औषधेही बंद करता येतात, हे तज्ज्ञांनी मान्य केले आहे. २०२१ च्या बाव्हेनो परिषदेत या अवस्थेची व्याख्याही निश्चित झाली.

यात एक अपवादात्मक वळण आहे, ते कुटुंबांनी जाणून घेतले पाहिजे. काहींना मद्य थांबवल्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी कावीळ होते, ताप येतो, पोट फुगते. हा मद्यजन्य यकृतदाह. 'पीत होते तोवर ठणठणीत होते, सोडली आणि आजारी पडले' असा याचा अर्थ लावला जातो आणि कोणीतरी हितचिंतक थोडी थोडी चालू ठेवण्याचा सल्ला देतो. दाह आधीच्या मद्याचा असतो. तीव्र स्वरूपात तो महिन्याभरात जीव घेऊ शकतो. त्यावरील स्टेरॉइड औषधांचा ब्रिटनमध्ये हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या महिन्यात थोडा फायदा झाल्यासारखा दिसला, पण तो निर्णायक नव्हता आणि तीन महिन्यांनंतर तोही उरला नाही. बाटलीला पर्याय ठरेल असे औषध अद्याप निघालेले नाही.

म्हणूनच 'लिव्हर टॉनिक'चा बाजार पाहून खेद वाटतो. रोज संध्याकाळी पेला आणि सकाळी दोन चमचे हिरवे सरबत, असा हिशेब मांडणारे सुशिक्षित लोक कमी नाहीत. गावोगावी कावीळ उतरवणारे आहेत. चुन्याच्या निवळीत हात धुवून पिवळे पाणी दाखवणारे आहेत, डोक्यावर ठेवलेली माळ लांबत गेली म्हणजे रोग उतरला, असे सांगणारे आहेत. वनौषधींच्या बाबतीत अधिक सावधपणे बोलावे लागते. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आणि आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. हा वाद तज्ज्ञ सोडवतील. परंतु आयुर्वेदाविषयी ज्याला खरा आदर आहे, तो नाडी न पाहता, प्रकृती न विचारता, लेबल नसलेल्या बाटलीतून औषध विकणाऱ्याला वैद्य म्हणणार नाही. आधीच जायबंदी झालेल्या यकृतावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाच नाही. हीच गोष्ट अंगदुखीसाठी मनाने घेतल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलची. रोज पिणाऱ्याला एरवी निर्धोक असलेले प्रमाणही बाधू शकते.

पथ्याच्या नावाखाली होणारी उपासमार हा आणखी एक घरगुती अपराध. कावीळ म्हटले की डाळ बंद, दूध बंद, उसाचा रस आणि मुगाचे पाणी सुरू. मद्यपी मुळातच कुपोषित असतो; त्याने कित्येक वर्षे जेवणाच्या जागी पेला ठेवलेला असतो. सिरॉसिसच्या रुग्णाला निरोगी माणसाहून अधिक, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. वरण, उसळी, दूध, दही, पनीर, चालत असल्यास अंडी, हे सर्व त्याच्या ताटात हवे. रात्रभर पोट रिकामे राहू नये म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खाणे द्यावे. पोटात पाणी असेल, तर मीठ कमी करायचे, म्हणजे लोणचे-पापड बंद. तुटलेल्या शरीराला उपवास घडवून कोणते पुण्य मिळते?

हे सर्व करूनही उशीर झालेला असतो, तेव्हा यकृत-प्रत्यारोपणाचा विषय निघतो. भारतात पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. आज महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतही ते होते. मद्यपी रुग्णाने आधी सहा महिने मद्यमुक्त राहावे, असा सर्वसाधारण दंडक होता. फ्रान्स आणि बेल्जियममधील डॉक्टरांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र यकृतदाहात निवडक रुग्णांवर लवकर प्रत्यारोपण केल्यास सहा महिन्यांनंतर ७७ टक्के रुग्ण जगतात, एरवी २३ टक्केच. त्यानंतर अनेक केंद्रे रुग्णाचा स्वतंत्र विचार करू लागली. पण यकृत आणायचे कोठून? मेंदूमृत व्यक्तींकडून मिळणारे अवयव आपल्याकडे थोडे. म्हणून बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून फार मोठी आहे आणि घेणाऱ्यांत पुरुषांची. मद्यजन्य सिरॉसिसचा रुग्ण बहुधा पुरुष असतो. याचा घरातील अर्थ काय होतो, ते पाहावे. पंधरा वर्षे जिने शेजाऱ्यांपासून, सासरपासून, माहेरपासून नवऱ्याचे पिणे लपवले, पगाराच्या उरलेल्या पैशांत घर चालवले, तीच शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवी होते आणि आपल्या यकृताचा सुमारे साठ टक्के भाग देते. तिने 'नाही' म्हटले, तर? कायद्याने तसे म्हणण्याचा अधिकार तिला आहे. घराने तो तिला दिलेला असतो का? आपल्याकडे अशा त्यागाच्या कहाण्या ओलावल्या डोळ्यांनी सांगितल्या जातात. तिला हा त्याग करावा लागला, याची लाज मात्र कोणाला वाटत नाही.

पहिली पाच-दहा वर्षे, जेव्हा यकृतात केवळ चरबी होती आणि दोन महिन्यांचा संयमही पुरेसा होता, ती वर्षे गेली कोठे? ती लपवाछपवीत गेली. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मद्यसेवनाच्या समस्येसाठी मदतीची गरज होती. मद्याच्या आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. उरलेले १७९ घरीच होते, कोणाचे वडील, कोणाचे जावई म्हणून. यकृताचा डॉक्टर गाठला जातो, कारण यकृत हा सभ्य अवयव आहे. 'त्यांना लिव्हरचा त्रास आहे' असे चारचौघांत सांगता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात जाणे मात्र कमीपणाचे ठरते. आणि यकृताचे भवितव्य तर तेथेच ठरत असते.

व्यसन हे चारित्र्याचे अधःपतन नसून आजार आहे, ही दृष्टी महाराष्ट्राला परकी नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, ते याच दृष्टीने. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत मराठीतून चालतात. त्यात नाव विचारले जात नाही, शुल्क नाही. मद्याची ओढ कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत, त्यांतील काही बिघडलेल्या यकृताला चालत नाहीत, म्हणून यकृताचे आणि व्यसनाचे असे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. आणि तसे ते बोलावेत, हा आग्रह घरच्यांनीच धरायचा असतो. सिरॉसिस झालेल्याने दारू कायमची सोडली, तरी कर्करोगाचा धोका पुरता संपत नाही; त्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. यकृताचा कागद नीट जपून ठेवणाऱ्या घरांतही ही तारीख सहसा लिहिलेली नसते.

केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. हा दूरध्वनी पिणाऱ्यानेच करावा, अशी अट नाही. पत्नी करू शकते, मुलगी करू शकते, आणि त्यासाठी श्रावणाची वाट पाहावी लागत नाही.